‘यू विल बी मिस्ड’ नको : बेळगावातल्या एका मोमेंटोवाल्याकडचा अनुभव

पहिलं प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तेव्हा मी भांडी घासत होते. मध्ये अक्कोरूंचा लंबगोल फोटो, भोवती सोनेरी वेल आणि खाली झोकदार अक्षरांत ‘इन फॉन्ड मेमरी’. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, “कोण गेलं गं?”

कोणी गेलं नव्हतं. आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाई ३१ मेला निवृत्त होणार होत्या, इतकंच. बैलहोंगलच्या त्या. जांबोटी भागातल्या आमच्या सरकारी मराठी शाळेत बावीस वर्षं कन्नड शिकवलं. सगळं गाव त्यांना अक्कोरु म्हणतं. कन्नडमध्ये या बाजूला शाळेतल्या बाईंना हेच म्हणतात, आणि आमच्या मराठी पोरांनीही तेच उचललं. आम्हा बाकीच्या ‘बाई’, त्या एकट्या ‘अक्कोरु’.

मोमेंटो द्यायचा ठरला तेव्हा पहिला प्रश्न भाषेचा आला. मराठीत लिहावं तर अक्कोरूंना वाचता येईल, पण बैलहोंगलच्या त्यांच्या घरात भिंतीवर लागल्यावर कोण वाचणार? कन्नडमध्ये लिहावं तर मजकूर कोण करणार? आमच्यात चांगलं कन्नड येणारी एकच व्यक्ती, आणि निवृत्त तीच होत होती. त्यातून एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या बैठकीत एकजण म्हणाला मराठी शाळेचा मोमेंटो मराठीतच पाहिजे, दुसरा म्हणाला मग बीईओ साहेब (गटशिक्षणाधिकारी) येणार आहेत त्यांना काय वाटेल. तासभर हे चाललं. शेवटी हेडमास्तर म्हणाले, “इंग्लिशमध्ये घाला. म्हणजे कुणाचीच नको आणि सगळ्यांची.” मी इंग्रजी शिकवते. त्यामुळं पुढची कामगिरी माझ्या गळ्यात.

आता दुकानाबद्दल. नाव देत नाही, कारण तक्रार सांगायची आहे आणि माणूस वाईट नाही. खडेबाजारातून आतल्या गल्लीत वळलं की जिना चढून वर. पाटीवर कन्नड ठळक, पाटीचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये हवा या नियमाप्रमाणं. त्याखाली इंग्रजी. मराठी आतल्या काचेवर रेडियमनं चिकटवलेली. मालक आपल्याशी मराठीत, फोनवर कन्नडमध्ये, मशीनवरच्या पोराशी हिंदीत. बेळगावात यात नवल नाही, पण मोमेंटोच्या दुकानात याचा उपयोग होतो. तीन भाषांतले तीन प्रकारचे निरोप हा माणूस रोज ऐकतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. कारण सोपं आहे. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ठोकून दिलेली. सरकारी नोकरीत साठ भरले की निवृत्ती, आणि महिन्याच्या एक तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मेला निम्मं खातं घरी जातं. काऊंटरवर माझ्या पुढं एक तलाठी, एक नर्स आणि एका कंडक्टरचे सहकारी उभे होते. तिघांचाही मजकूर जवळजवळ एकच, नाव तेवढं वेगळं.

तसं होणारच, कारण सगळ्यांच्या हातात मालकांचा तोच आल्बम. लॅमिनेशन केलेली पानं, साठ-पासष्ट इंग्रजी वाक्यं, क्रमांक घातलेली. मागं आठ-दहा कन्नड, पाच मराठी. गिऱ्हाइकानं म्हणायचं “सतरा नंबर”, आणि पोरगा टाइप करायला लागतो. सोय म्हणून उत्तम आहे. पण मी तिथल्या स्टुलावर बसून तो आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि खरं सांगते, त्यातली निम्मी वाक्यं जिवंत माणसाला देण्यासारखी नाहीत.

‘इन फॉन्ड मेमरी’चंच बघा. ‘विथ फॉन्ड मेमरीज’ असतं तर चाललं असतं. गोड आठवणींसह, मेमरी अनेकवचनी, आठवणी आमच्या आणि बाई हयात. ‘इन मेमरी’ केलं की माणूसच आठवण होऊन बसतो. ‘इन लव्हिंग मेमरी’ तर इंग्रजांच्या थडग्यावर आणि मृत्यूच्या बातमीत असतं. एक छोटं अव्यय बदललं आणि सासूबाईंचा प्रश्न खरा ठरला. मी हे मालकांना सांगितलं तेव्हा ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले, “बाई, हे मी गेल्या पाच वर्षांत लै जणांना दिलंय वो.” कुणी परत आणलं नाही म्हणे. आणणार कोण? घेणाऱ्यानं शोकेसमध्ये ठेवलं असेल.

‘गॉन बट नेव्हर फर्गॉटन’ हे बावीस नंबरचं. त्याबद्दल काय लिहू.

‘यू विल बी मिस्ड’ सगळ्यात जास्त खपतं. ते चूक नाही, इंग्रजी ऑफिसांतही सर्रास म्हणतात. माझी अडचण वेगळी. त्यात बोलणारा कोणीच नाही. मिस करणार कोण? चपराशी, मुलं, हेडमास्तर, की भिंत? आपल्याकडं ‘तुमची उणीव भासेल’ म्हणतात त्याचंही तेच. कुणाला भासेल ते सांगायचं नाही. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर हेच वाक्य क्रियापद बदलून जसंच्या तसं बसतं. ‘वी विल मिस यू’ केलं की निदान ‘आम्ही’ समोर येऊन उभं राहतो. मी वर्गातल्या पोरांना कर्मणी प्रयोग शिकवताना यापुढं हेच उदाहरण देणार आहे.

‘ऑन द इव्ह ऑफ युअर रिटायरमेंट’ आल्बममध्ये आठ ठिकाणी. इव्ह म्हणजे आदला दिवस. आमचा कार्यक्रम त्याच दिवशी, ३१ तारखेला. तिथं ‘ऑन द ऑकेजन ऑफ’ पाहिजे, किंवा साधं ‘ऑन युअर रिटायरमेंट’. सरकारी लोकांना ‘सुपरअ‍ॅन्युएशन’ फार आवडतं, आणि माझ्या पुढच्या तलाठ्यानं तेच निवडलं. आपल्या ‘नियत वयोमाना’चा तो इंग्रजी भाऊ. ऑर्डरवर ठीक आहे. पण ‘सुपरअ‍ॅन्युएटेड’ म्हणजे इंग्रजीत कालबाह्य, मोडीत निघालेलं असाही अर्थ होतो. शिसवी पाटीवर सोनेरी अक्षरांत कशाला?

‘बेस्ट विशेस फॉर ऑल युअर फ्युचर एन्डेव्हर्स’ वाचून मला माझा भाचा आठवला. पुण्याच्या कंपन्या त्याला नोकरी नाकारतात तेव्हा मेलच्या शेवटी हेच असतं. ‘हॅपी अँड पीसफुल रिटायर्ड लाइफ’ आपलं देशी आहे, बाहेर ‘हॅपी रिटायरमेंट’ एवढंच म्हणतात. पण देशी आहे म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. त्यात निदान जीव आहे. ‘सेकंड इनिंग्ज’ सगळ्या पुरुषांना हवं असतं, बॅट हातात धरली नसली तरी.

मग ‘फेअरवेल’. हा शब्द आल्बमच्या प्रत्येक पानावर आहे, आणि त्यावर मी जरा अडखळले. ‘फेअर’ म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रवास करणं. नीट जा, सुखाचा प्रवास कर, एवढाच त्याचा मूळ अर्थ. बसच्या भाड्याला आपण फेअर म्हणतो ते त्याच कुळातलं. ‘गुडबाय’ तर ‘गॉड बी विथ ये’ आक्रसून झालेलं, देव तुझ्यासोबत असो. दोन्ही शब्द मायेचे आहेत, पण दोन्ही जाणाऱ्याला पाठमोरं करतात. जा, देव आहे सोबत, नीट जा. परत ये असं कुणी म्हणत नाही.

आपल्याकडं उंबऱ्यावर ‘जाते’ म्हटलं तर आई ओरडायची. ‘येते’ म्हण. कन्नडमध्येही अगदी तसंच, ‘होगि बर्तीनि’, जाऊन येते. समोरचा म्हणतो ‘होगि बर्री’. कपिलेश्वर तलावावर गणपतीला सोडतानासुद्धा आपण त्याला निरोप देतो म्हणतो आणि तोंडानं म्हणतो लवकर या. सीमेवर दोन्ही बाजूंची डोकी फुटली तरी या एका बाबतीत मराठी आणि कन्नड एका उंबऱ्यावर उभ्या आहेत. आणि आम्ही अक्कोरूंना द्यायला निघालो होतो तिसऱ्याच भाषेतलं ‘फेअरवेल’.

मी मालकांना म्हटलं, आल्बममधलं काही नको, मी लिहून देते. त्यांनी कुरकूर केली नाही. ही त्यांची पहिली जमेची बाजू. कागद दिला, पेन दिलं, वर चहा सांगितला.

लिहायला बसल्यावर कळलं की आल्बम का खपतो. कागद कोरा असला की माणूस परत ‘युअर डेडिकेशन अँड सिन्सिॲरिटी’वरच येतो. मीही आधी तेच लिहिलं. मग खोडलं. अक्कोरूंनी नक्की केलं काय, ते आठवायला लागले. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या पोरांना कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. घरात मराठी, शेतात मराठी, टीव्ही मराठी. पहिल्या आठवड्यात त्यांनी पाठ्यपुस्तक उघडलंच नाही म्हणतात. फळ्यावर बसचा मोठा चौकोन काढला, वर पाटी काढली, आणि पाटीत ‘जांबोटी’ कन्नडमध्ये लिहिलं. मग ते पुसून ‘खानापूर’, मग ‘बेळगावी’. इथल्या बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. पाटी वाचता आली नाही की पोर कंडक्टरला विचारतं, कंडक्टर घाईत असतो, बस निघून जाते. आमच्या भागात एक बस चुकली की दोन-दोन तास पावसात. अक्कोरूंनी वर्णमाला पाटीवरून शिकवली. ‘जा’, ‘खा’, ‘बे’. आता गावातल्या म्हाताऱ्या नातवंडांना पुढं घालून स्टँडवर जातात.

मग मी लिहिलं: ‘यू टॉट अस टू रीड द बस बोर्ड. कम बॅक ऑन एनी बस.’

खाली ‘मुलांतर्फे’, शाळेचं नाव, तारीख. बस.

मालकांनी वाचलं. परत वाचलं. “बाई, असं कोण लिव्हत न्हाई वो. मोमेंटोवर बस?” शाळेतही दोघांना ते पसंत पडलं नाही. बीईओ साहेबांसमोर ‘बस बोर्ड’ म्हणजे कमीपणा, ‘नोबल प्रोफेशन’ असं काहीतरी पाहिजे. मी म्हटलं नोबल प्रोफेशन तलाठ्यालाही दिलंय दुकानात. हेडमास्तर हसले आणि विषय मिटला. एक सोय अशी की इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत असतं तर ‘तुम्ही’ की ‘आपण’ यावर आणखी एक बैठक झाली असती.

आता कामाबद्दल, कारण त्यासाठीच हे लिहिते आहे. मालकांना लाकूड आणि अक्षर दोन्ही कळतं, हे मान्य करावं लागेल. मी पसंत केलेला नाजूक, शेपट्यांचा फॉन्ट त्यांनी नाकारला. म्हणाले, लेझर अक्षर जाळून काढतं, बारीक रेघ लाकडावर जळून पसरते, वर्षभरानं धूळ बसली की वाचता येत नाही. त्यांनी एक तुकडा जाळून दाखवला. धुराचा, भाजलेल्या लाकडाचा वास दुकानभर झाला आणि ‘आर’ची शेपटी खरंच तपकिरी डाग होऊन बसली होती. मग ठळक, साधा फॉन्ट घेतला. अ‍ॅक्रिलिकवर ते मागच्या बाजूनं उलटं कोरतात, म्हणजे पुढचा भाग गुळगुळीत राहतो आणि पुसायला सोपा. मला पितळी पाटी हवी होती, तर त्यांनी सरळ सांगितलं की हे मशीन नुसत्या पितळेवर चालत नाही, त्याला फायबर लेझर लागतं, ते माझ्याकडं नाही. दुसरा कोणी असता तर पितळी रंगाचा पत्रा चिकटवून मोकळा झाला असता. आणि एक खरी गोष्ट त्यांनी सांगितली: शब्द जितके कमी, अक्षर तितकं मोठं. आल्बममधल्या लांबलचक वाक्यांचे मोमेंटो चार पावलांवरून मुंग्यांसारखे दिसतात. माझी दोन वाक्यं दाराबाहेरून वाचता येत होती.

किंमत वेल्वेटच्या डबीसह १३५०. पाचशे आगाऊ.

तक्रार आता. दुसरं प्रूफ आलं त्यात ‘टॉट’च्या जागी ‘थॉट’. म्हणजे ‘तुम्ही आम्हाला शिकवलं’च्या जागी ‘तुम्ही आम्हाला विचार केलं’. ही चूक आपल्याकडं फळ्याफळ्यावर असते, मशीनवरच्या पोराला मी दोष देत नाही. मी लगेच कळवलं, त्यानं अंगठा पाठवला, दुरुस्त केलेलं तिसरं प्रूफही पाठवलं. मी निश्चिंत. ३० तारखेला दुपारी घ्यायला गेले तर डबीतून निघालं ‘थॉट’. कॉम्प्युटरवर दोन फायली, एकीचं नाव ‘फायनल’, दुसरीचं ‘फायनल २’. त्यानं पहिली जाळली.

लाकडावर जळलेलं अक्षर पुसता येत नाही. पोरगा म्हणाला, वरून सोनेरी रेडियमची पट्टी चिकटवतो, कळणार पण नाही. इथं माझा आवाज चढला, ते कबूल करते. बावीस वर्षं एका बाईनं पोरांना अक्षरावर बोट ठेवून वाचायला लावलं, आणि आम्ही तिला पट्टी चिकटवलेलं देणार? मालक मधे पडले. “काळजी कशाला करालाय बाई, करून देतो की.” नवीन लाकूड काढलं, पैसे जादा घेतले नाहीत, स्वतः मशीनशेजारी उभे राहिले. पण पुढं नर्सच्या ऑर्डरी होत्या, मध्ये दोनदा लाइट गेली. मोमेंटो हातात पडला तेव्हा सात वाजून गेले होते आणि मी सेंट्रल बसस्टँडवर धावत सुटले. एकूण चार फेऱ्या झाल्या. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बसचं तिकीट शून्य, म्हणून परवडलं. फेअर नव्हतंच, वेल तेवढं आम्हीच बघायचं.

तेव्हा जाणार असाल तर: लाकडाचं काम घ्या, सल्ला ऐका, आल्बम बाजूला ठेवा. मजकूर स्वतः लिहून न्या, आणि मशीन सुरू होताना समोर उभे राहा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यावर विसंबू नका. मे महिन्यात दहा दिवस आधी जा. पाचातले साडेतीन तारे देते. अर्धा तारा मालकांच्या स्वभावाचा आहे. परवा दुसऱ्या कामाला गेले तर बावीस नंबरवर आणि ‘फॉन्ड मेमरी’वर काळ्या पेनानं फुली मारलेली दिसली. ‘थॉट’चा मोमेंटो अजून कपाटावर आहे, नमुना म्हणून. फिनिशिंग चांगलं आलंय म्हणतात.

कार्यक्रम शनिवारच्या सकाळच्या शाळेत झाला. इरकल साडी, ओटी, बेळगावी मिठाईचा म्हणजे कुंद्याचा डबा, भाषणं. बीईओ साहेबांना यायला जमलं नाही. अक्कोरूंनी मोमेंटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचला, वर्गात वाचायच्या तसाच, शब्द तोडून. ‘बस बोर्ड’पाशी थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना वाचता आलं नाही, ते सातवीच्या मुलांनी पूर्ण केलं.

मग सगळे फाट्यावर आलो. त्या प्रत्येकाला “होगि बर्तीनि, होगि बर्तीनि” म्हणत होत्या, पोरं “होगि बर्री अक्कोरु” म्हणत होती. बस आली. अक्कोरूंचे डोळे भरलेले, हातात डबी, साडीची पिशवी, हार. पाय फूटबोर्डवर ठेवला तोच तिसरीतली एक पोरगी मागून ओरडली, “अक्कोरु, ही नव्हं! ही खानापूरला जाते!”

बेळगावची यायला अजून चाळीस मिनिटं होती. कुंद्याचा डबा तिथंच उघडला.